साठ यार्डांवर अडून राहणारा गॉबलर

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. पेनसिल्व्हेनियातल्या एका स्टेट गेम लँडवर, म्हणजे राज्याच्या शिकारीच्या जमिनीवर, तुम्ही एक गॉबलर, म्हणजे नर टर्की, हेरून ठेवला आहे. पहाटे तो झाडावरून भरपूर ओरडतो, तुमच्या कॉललाही, म्हणजे मादीचा आवाज काढणाऱ्या साधनालाही, उत्तर देतो. पण जमिनीवर उतरला की एक तर चिडीचूप होतो, नाहीतर साठ-सत्तर यार्डांवर येऊन पिसारा फुलवून उभा राहतो आणि थोड्या वेळाने आल्या वाटेने परत जातो. आवाज चुकतोय का, महागातला कॉल घ्यावा का, असं तुम्ही विचारलं आहे. तुम्ही एच-वन-बी व्हिसावर आहात आणि हंटर एज्युकेशनचा कोर्स झाला आहे, हेही लिहिलंय. व्हिसाचं पुढे बोलतो, कारण त्याचा बंदुकीशी थेट संबंध आहे.

नवा कॉल घेऊ नका. झाडावरून उत्तर देऊन साठ यार्डांपर्यंत चालत येणाऱ्या पक्ष्याला तुमचा आवाज पटलेला असतो. अडतं ते तुम्ही बसलेल्या जागेमुळे, आणि बऱ्याचदा तुम्ही गरजेपेक्षा जास्त बोलता म्हणून.

टर्कीची रीत मोरासारखीच, दोघं एकाच कुळातले. नर ओरडतो, मोकळ्या जागी पिसारा फुलवून उभा राहतो आणि मादी त्याच्याकडे चालत जाते. आपण मादीचा आवाज काढून नरालाच म्हणतो, ‘तू इकडे ये.’ म्हणजे त्याची रीत उलटी करायला बघतो. तुमच्या प्रत्येक येल्पचा, म्हणजे मादीच्या हाकेचा, त्याच्या लेखी अर्थ एवढाच, की मादी इथेच आहे, इच्छुक आहे, आता येईलच. म्हणून तो तिला दिसेल अशा जागी थांबतो. आवाज नेमका कुठल्या झाडापासून आला हे त्याला शंभर यार्डांवरूनही कळतं. मान न वळवता सुमारे २७० अंशांचा भाग त्याला दिसतो, रंगही दिसतात, हालचाल तर लगेच टिपतो. वासाचं नाक मात्र त्याला जवळपास नाहीच, त्यामुळे हरणाच्या शिकारीतलं वाऱ्याचं गणित इथे सोडून द्या. तर हा पक्षी येतो, आवाजाच्या जागेकडे बघतो, तिथे मादी दिसत नाही. मग तो पुढे कशाला येईल?

यातून जागा निवडायचा एकच नियम निघतो: तुमचं झाड त्याला दिसेल त्या क्षणी तो आधीच बंदुकीच्या टप्प्यात असायला हवा. टप्पा म्हणजे जास्तीत जास्त चाळीस यार्ड. खालचं रान साफ असलेल्या ओकच्या जंगलात, जिथे शंभर यार्डांपर्यंत आरपार दिसतं, तिथे कितीही गोड येल्प काढा, तो साठ-सत्तरवर अडणारच. त्याऐवजी डोंगराच्या सपाट टप्प्याची कड शोधा आणि कडेपासून २५-३० यार्ड आत बसा. नराला मादी बघायची तर कडेवर डोकं काढावंच लागतं, आणि डोकं काढलं की तो टप्प्यात असतो. लाकूडतोडीच्या जुन्या वाटेचं वळणही असंच कामाला येतं. वळणाच्या अलीकडे तीस यार्डांवर बसायचं. माउंटन लॉरेलच्या झुडपांची किनार, उन्मळून पडलेल्या हेमलॉकचा आडोसा, काहीही चालेल. त्याला बघण्यासाठी पुढे यावं लागलं पाहिजे. मात्र तो ज्यातून चालणार नाही अशा दाट जाळीमागे बसू नका.

आता मधले अडथळे. ओढा, तारेचं कुंपण, घळ, वादळात आडव्या पडलेल्या झाडांचा ढीग. टर्कीला उडता येतं, पण मादीला भेटायला तो सहसा ओढा उडून ओलांडत नाही. काठावर येरझाऱ्या घालत बसतो. ही पाहणी दिवसाउजेडी, सीझन सुरू होण्याआधी करायची. चढाचंही ध्यानात ठेवा. तो समपातळीवरून किंवा खालून वर यायला राजी असतो; त्याला उतारावरून खाली बोलावणं जड जातं. दोन्ही शक्य असेल तर त्याच्याच उंचीवर किंवा थोडं वर बसा.

पाहणीत काय बघायचं, हे जरा सविस्तर सांगतो, कारण नवखे लोक फक्त कानावर विसंबतात. नराची विष्ठा लांबट, टोकाला वळलेली, इंग्रजी ‘जे’ अक्षरासारखी असते. मादीची गोळा झालेली, गोगलगाईच्या शंखासारखी. एका झाडाखाली भरपूर विष्ठा आणि पिसं सापडली तर ते रात्रीच्या मुक्कामाचं झाड. छातीचं पीस उचलून टोक बघा: नराच्या पिसाचं टोक काळं, मादीचं फिकट तपकिरी. पालापाचोळा उकरलेल्या जागा इंग्रजी ‘व्ही’सारख्या दिसतात आणि उकरलेला पाला मागे फेकलेला असतो, त्यावरून थवा कोणत्या दिशेला गेला ते कळतं. धुळीच्या किंवा चिखलाच्या वाटेवर चार इंचांहून लांब पाऊल म्हणजे बहुधा प्रौढ नर. त्या पावलांच्या दोन्ही बाजूंना बारीक समांतर ओरखडे दिसले तर समजा तिथे तो पंख घासत पिसारा फुलवून फिरतो. ती जागा नकाशावर खूण करून ठेवा. झाडावरच्या ओरडण्यापेक्षा मला या ओरखड्यांचा भरवसा जास्त वाटतो, कारण खाली उतरल्यावर त्याला जायचं असतं ते इथेच. तुम्ही आधीच त्या वाटेवर असाल तर त्याला उलट दिशेला ओढायची गरजच पडत नाही.

मुक्कामाच्या झाडापासून किती लांब बसायचं हे पालवीवर ठरतं. एप्रिलअखेर झाडं अजून उघडी असतात, तेव्हा १५० यार्डांच्या आत शिरायचा मोह टाळा. मेच्या मध्यात पानं भरली की शंभर यार्ड चालतात. सूर्योदयाच्या तासभर आधी जागेवर पोहोचा, टॉर्च जमिनीकडे ठेवा, शक्यतो लाल उजेडाची. उठवलेला पक्षी त्या सकाळपुरता तरी गेला.

आता बोलण्याचं. तो झाडावर असताना तुम्ही जोरजोरात येल्प करत राहिलात तर तो तिथेच फांदीवर बसून राहतो, कारण मादी झाडाखाली यायची वाट बघत असतो. झुंजुमुंजू झालं की दोन-तीन हलके, झोपाळू येल्प द्या. त्याने उत्तर दिलं की बस्स. पंखांची फडफड ऐकू आली, तो उतरला, की मग पाच-सहा सुरांचा साधा येल्प. त्याने उत्तर दिलं आणि पुढचं उत्तर जवळून आलं, तर कॉल खाली ठेवा आणि बंदूक गुडघ्यावर घ्या. इथेच बहुतेकांचा हात आवरत नाही: तो ओरडतो, आपण उत्तर देतो, तो पुन्हा ओरडतो, फार मजा येते, आणि तो जागचा हलत नाही. गप्प झालेली मादी त्याला शोधावी लागते.

या शांततेत एक आवाज मात्र उपयोगी पडतो, पाला उकरण्याचा. मांडीशेजारी हात ठेवून बोटांनी वाळका पाला ओढा: एकदा, मग लगोलग दोनदा, मग थांबा. चरणारा टर्की असाच उकरतो आणि मान वर करून बघतो. एकसारखं खरखरवलंत तर ते माणसाच्या चालण्यासारखं वाटतं. तो जवळ असेल तर अधूनमधून एखादा हळू क्लक, हलकी पर्र. याहून जास्त काही नाही.

तो गप्प झाला म्हणजे गेला, असं धरू नका. जिथे शिकारी बरेच येतात तिथे पुष्कळ नर शेवटचा टप्पा न ओरडताच चालतात. शेवटच्या गॉबलनंतर, म्हणजे नराच्या ओरडण्यानंतर, किमान पाऊण तास बसा. या वेळात कान त्याच्या ड्रमिंगकडे ठेवा. पिसारा फुलवताना आधी एक छोटा ‘फित्’ आणि पाठोपाठ खोल घुमणारा ‘डुम्म’ येतो. दूरवरच्या ट्रकचं इंजिन गुणगुणावं इतका खालचा सूर. तो तुम्हाला ऐकू आला तर पक्षी बहुतेक टप्प्याच्या आसपास आहे. मान वळवू नका.

तुमच्याकडे पाटीचा कॉल आहे, म्हणजे पाटीच्या किंवा काचेच्या चकतीवर काडी घासून वाजवायचा, त्याबद्दल दोन गोष्टी. पृष्ठभाग गुळगुळीत झाला की सूर घसरतो आणि चरचरतो. पाटी असेल तर बारीक पॉलिश पेपरने किंवा स्कॉच-ब्राइटने, काच असेल तर खरखरीत पेपरने एकाच दिशेत घासा आणि काडी त्या रेषांना आडवी फिरवा. काडी पेनसारखी धरायची, थोडी कलती, टोक पृष्ठभागावरून उचलायचं नाही. छोटे लंबगोल काढत राहिलात की प्रत्येक फेरीला एक येल्प निघतो. घासलेल्या भागाला बोट लावू नका, हाताचा तेलकटपणा लागला की तो भाग मुका होतो. पावसाळी सकाळी काडीचं टोक ओलं झालं तरी तेच. अशा दिवसासाठी तोंडात धरायचा डायफ्राम कॉल शिकून ठेवा, त्यात दोन्ही हातही मोकळे राहतात.

खाली उतरताच तो चिडीचूप होतो त्या दिवसांचं कारण वेगळं असतं: त्याच्यासोबत खऱ्या माद्या असतात. समोर मादी असताना लांबच्या आवाजामागे तो जात नाही, आणि तुमच्या आवाजात कितीही सुधारणा केली तरी यात फरक पडत नाही. दोन उपाय आहेत. पहिला, नराला सोडा आणि मादीशी बोला. थव्यातली वरचढ मादी येल्प करत असेल तर तिचाच सूर तसाच्या तसा, थोडा अधिक तिखट करून परत द्या. ती तुमचा आवाज मध्येच तोडत असेल तर तुम्हीही तिचा तोडा. ती चिडून बघायला आली तर नर तिच्या मागे येतो. हे प्रत्येक वेळी जमत नाही. काही माद्या उलट थवा घेऊन दूर निघून जातात.

दुसरा उपाय जास्त खात्रीचा, तो म्हणजे घड्याळ. मादी साधारण दिवसाला एक अंडं घालते, एकूण दहा-बारा, आणि त्यासाठी सकाळी उशिरा नराला सोडून घरट्याकडे जाते. साडेनऊ ते बाराच्या दरम्यान तोच नर एकटा पडतो. पहाटे ज्याने तुम्हाला धूप घातली नाही तो साडेदहाला एका येल्पवर धावत येऊ शकतो. पण तोवर बहुतेक शिकारी घरी नाश्ता करत असतात. पेनसिल्व्हेनियात सीझनच्या सुरुवातीच्या दोन आठवड्यांत शिकार दुपारी बाराला थांबवावी लागते, म्हणून ही वेळ वाया घालवू नका. सकाळी जिथे त्याला माद्यांबरोबर पाहिलं तिथेच परत या. पुढे माद्या अंड्यांवर बसल्या, २८ दिवस उबवण चालते, की नर दिवसभर एकटे फिरतात आणि ओरडण्याला दुसरा जोर चढतो. मेच्या उत्तरार्धात दिवसभर परवानगी असते ती तुमच्या फार कामाची. नेमक्या तारखा दरवर्षीच्या नियमपत्रिकेत बघून घ्या.

तो समोर साठ यार्डांवर उभा असेल तर काय करायचं? आधी त्याला वाचा. डोक्याचा माथा पांढरट, गाल निळे, गळ्याची लोंबती कातडी लालभडक, चोचीवरचा मांसल तुरा लांब लोंबतोय: गडी रंगात आहे, घाई करू नका. पिसारा मिटला, मान ताठ उंच झाली, तुरा आखडला आणि तो पंख एकेक करून अंगाशी चापायला लागला, तर त्याला काहीतरी खटकलंय आणि तो निघणार. तीक्ष्ण ‘पट्’ असा एकच आवाज आला तर ती धोक्याची सूचना. रंगात असलेल्या पक्ष्यासमोर हलू नका, येल्पही नको. तो झाडाआड गेला की तोंड मागे वळवून एक अगदी हळू येल्प द्या, म्हणजे मादी कंटाळून दूर चालली असं वाटेल. कधी यावर तो येतो, कधी नाही.

सगळ्यात चांगला तोडगा म्हणजे जोडीदार. कॉल करणारा बंदूकवाल्याच्या मागे ४० ते ५० यार्डांवर बसतो. नर आवाजापासून साठवर अडला तरी बंदुकीपासून दहा-वीसवरच उभा असतो. एकटे असाल तर त्याला जाऊ द्या, दिसेनासा झाला की मागे सरून दुसऱ्या चांगल्या जागेवरून पुन्हा बोलवा. त्याच्या अंगावर सरपटत जायचं नाही. पेनसिल्व्हेनियात वसंतात टर्कीची शिकार फक्त बोलावूनच करता येते, दबा धरत मागावर जाणं बेकायदा आहे, आणि त्याचं कारण कागदी नाही. ज्या गॉबलमागे तुम्ही सरपटता तो दुसऱ्या शिकाऱ्याचा कॉल असू शकतो.

त्याच कारणासाठी अंगावर लाल, पांढरा, निळा रंग अजिबात नको. रुमाल, मोजे, टी-शर्टची कॉलरसुद्धा नाही. नराच्या डोक्याचे हेच तीन रंग. खांद्यापेक्षा रुंद खोडाला पाठ टेकून बसा. दुसरा माणूस दिसला तर हात हलवू नका, टर्कीचा आवाज तर मुळीच नको, मोठ्याने मराठीत ओरडलात तरी चालेल. सार्वजनिक जमिनीवर गॉबलचा कॉल वापरू नका आणि पिसाऱ्याचा पंखा पुढे धरून सरकण्याचे व्हिडिओ बघून तसलं काही करू नका. डेकॉय, म्हणजे नकली टर्की, लावायचा तर पंधरा-वीस यार्डांवर, ने-आण पिशवीत झाकून. एक वर्षाच्या नराचा, म्हणजे जेकचा, डेकॉय तोंड तुमच्याकडे करून ठेवा. प्रौढ नर समोरासमोर भिडायला येतो, म्हणजे तुमच्याकडे पाठ करतो. मार खाल्लेले दोन वर्षांचे नर मात्र असा डेकॉय बघून काढता पाय घेतात, त्यांच्यासाठी नुसती मादी बरी. गोचिडांसाठी कपड्यांवर ०.५ टक्का पर्मेथ्रिन आदल्या दिवशी फवारून वाळवा. लाइम आजार या भागात भरपूर आहे. घरी मांजर असेल तर ओले कपडे तिच्यापासून लांब ठेवा.

व्हिसाबद्दल. संघीय कायद्यानुसार एच-वन-बीसारख्या तात्पुरत्या व्हिसावरच्या माणसाला बंदूक किंवा काडतुसं बाळगता येत नाहीत. अपवादांपैकी एक म्हणजे राज्याने दिलेला वैध शिकार परवाना. मित्राची बंदूक उसनी घेतली तरी नियम तोच. पेनसिल्व्हेनियाचा परवाना १ जुलै ते ३० जून चालतो, म्हणजे जुलैत नूतनीकरण राहून गेलं आणि बंदूक कपाटातच असली तर त्या अपवादाचा आधार उरत नाही. परवाना सलग ठेवा आणि तुमच्या प्रकरणातलं बारीकसारीक इमिग्रेशन वकिलाकडून तपासून घ्या.

बंदूक १२ किंवा २० गेजची, टर्की चोक (छरे एकत्र ठेवणारा नळीच्या तोंडाचा भाग) लावलेली, पाच किंवा सहा नंबरचे शिशाचे छरे. चाळीस यार्डांवर कागद लावून झाडून बघा: दहा इंचांच्या वर्तुळात शंभरच्या आसपास छरे पडले नाहीत तर चोक किंवा काडतूस बदला, किंवा तुमचा टप्पा तीस यार्ड धरा. दहा यार्डांवरही एक कागद फोडा, तिथे छरे मुठीएवढ्या जागेतच पडतात. अगदी जवळ आलेला पक्षी चुकतो तो म्हणूनच. नेम उघडी मान जिथे पिसांत शिरते तिथे, अंगावर कधीच नाही. पिसारा फुललेला असताना मान आत ओढलेली असते. एक तीक्ष्ण क्लक द्या, मान वर आली की घोडा ओढा. गाल दस्त्यावरून उचलू नका, चुकलेले बहुतेक बार डोक्यावरून जातात. आणि आधी छातीवरची दाढी, म्हणजे केसांसारख्या पिसांचा झुबका, दिसलीच पाहिजे, नियम दाढीवाल्या पक्ष्याचा आहे. पिसाऱ्याची मधली पिसं बाजूच्यांपेक्षा लांब दिसली तर तो जेक. कायद्याने चालतो, पण मी सोडून देतो.

बार झाला की बंदुकीचा सेफ्टी लावून लगेच पक्ष्यापाशी जा, पण फडफड थांबेपर्यंत पाय धरू नका. प्रौढ नराच्या पायामागचे टोकदार काटे इंचभर असतात आणि तळहात फाडतात. हलवण्याआधी टॅग भरून बांधायचा, दहा दिवसांत नोंद कळवायची, आणि गाडीपर्यंत नारिंगी कापडात गुंडाळून न्यायचा. मेअखेरच्या उन्हात आतडी तासाभरात काढून पोट थंड करा. छातीचं मांस पातळ कापून तव्यावर पटकन परततं. तंगड्यांत कठीण शिरा असतात, त्यांना कुकरच्या चार शिट्ट्या पुरत नाहीत, मंद आचेवर दोन-तीन तास रश्श्यात शिजू द्या.